क्रेस्टोनची साधनाकेंद्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डोंगराच्या पायथ्याशी क्रेस्टोन नावाचं एक गाव आहे. झेन, तिबेटी बौद्ध, हिंदू, कॅथलिक, जपानी शुमेई अशी निरनिराळ्या परंपरांची साधनाकेंद्रं इथे काही मैलांच्या आत आहेत. या गावाबद्दल विचारणारे मराठी लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना तिथे जाऊन आठवडाभर गप्प बसायचं असतं. काहींना हे सगळं थोतांड आहे अशी शंका असते. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत.

क्रेस्टोन नेमकं कुठे आहे?

कोलोरॅडोच्या दक्षिण भागात, सान लुईस खोऱ्याच्या पूर्व कडेला, सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेच्या अगदी पायथ्याशी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७,९०० फुटांवर आहे. पाठीमागे १४,००० फुटांच्या वर गेलेली शिखरं आहेत: क्रेस्टोन पीक, क्रेस्टोन नीडल आणि १९८६ च्या अंतराळयान दुर्घटनेनंतर नाव मिळालेला चॅलेंजर पॉइंट. समोर सपाट, कोरडं, वाऱ्याचं खोरं. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १४१ होती.

हा आकडा ऐकून लोक चकित होतात. पण बहुतेक केंद्रं आणि बरीचशी वस्ती गावाच्या हद्दीत नाही, ती शेजारच्या बाका ग्रांदे वसाहतीत आहे. बोलताना दोन्हींना मिळून क्रेस्टोनच म्हणतात.

इतक्या आडबाजूला एवढी केंद्रं आली कशी?

याचं उत्तर आधी जमिनीच्या व्यवहारात शोधायचं, मग अध्यात्मात. १८६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने बाका कुटुंबाच्या वारसांना न्यू मेक्सिकोतल्या एका जुन्या दाव्याच्या बदल्यात दुसरीकडे जमिनी निवडायची मुभा दिली. त्यांनी निवडलेल्या पाच तुकड्यांपैकी चौथा इथला, जवळजवळ एक लाख एकरांचा. पुढे १८८० च्या दशकात सोन्याचांदीच्या खाणी आल्या, गाव भरभराटीला आलं आणि खाणी आटल्यावर ओसही पडलं. मग गुरं चारण्याचे दिवस आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जमीन कंपनीने या मुलखाचा एक भाग आखून हजारो प्लॉट पाडले. निवृत्त माणसं इथे घरं बांधतील असा त्यांचा हिशेब होता. रस्ते झाले, माणसं फारशी आली नाहीत. हिवाळा कडक, दवाखाना लांब, दुकानं नाहीत. निवृत्त माणसाने यावं कशाला?

दशकाच्या अखेरीस ही कंपनी मॉरिस स्ट्राँग यांच्या हाती आली. स्ट्राँग हे कॅनडातले तेल उद्योगातले गृहस्थ, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे पहिले प्रमुख. १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९९२ ची रिओ परिषद, दोन्ही त्यांनीच जुळवल्या. त्यांच्या पत्नी हान स्ट्राँग यांना वाटलं की निरनिराळ्या परंपरांनी इथे जवळजवळ राहावं, साधना करावी आणि ती टिकवावी. स्ट्राँग दांपत्याने धार्मिक संस्थांना जमिनी द्यायला सुरुवात केली. पुढे १९८८ मध्ये मॅनिटू फाउंडेशन स्थापन झालं आणि जमीनदानाला रीतसर चौकट मिळाली.

म्हणजे ज्या एकाकीपणामुळे प्लॉट विकले गेले नाहीत, तोच एकाकीपणा एकांत शोधणाऱ्यांना हवा होता. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वांत पटतो. डोंगराने हाक दिली वगैरे कथा आहेत, आणि त्या सांगणारे प्रामाणिकपणे सांगतात. पण जमीन फुकट मिळाली नसती तर त्यांतले किती जण थांबले असते, हेही विचारावं.

कोणकोणती केंद्रं आहेत?

सगळी नावं इथे देत नाही. केंद्रं येतात, बंद होतात, नावं बदलतात. मुख्य प्रवाह सांगतो.

सर्वांत मोठा भाग तिबेटी बौद्धांचा. सोळावे कर्मापा, म्हणजे कर्म काग्यू या तिबेटी परंपरेचे प्रमुख, १९८० मध्ये इथे येऊन गेले. त्यांना स्ट्राँग दांपत्याने सुमारे २०० एकर जमीन दिली. दुसऱ्याच वर्षी कर्मापा निवर्तले, पण काम थांबलं नाही. त्यांच्या कर्म काग्यू परंपरेने तिथे ४१ फूट उंचीचा ताशी गोमांग स्तूप उभारला, १९९६ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. दिवसा कोणीही जाऊन प्रदक्षिणा घालू शकतो. त्याच परंपरेतल्या थ्रांगू रिनपोछे यांनी वज्र विद्या हे केंद्र सुरू केलं. भूतानचे गांगतेंग तुल्कू, झिगर कोंगत्रुल आणि त्सोकनी रिनपोछे यांच्या शिष्यांच्याही इथे जागा आहेत. यांतल्या काही जागांवर नुसत्या एकांत कुट्या आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे पाहण्यासारखं काहीच नसतं, आणि तसंच त्यांना हवं असतं. बौद्ध धर्माच्या आधीपासून तिबेटात असल्याचं सांगणाऱ्या बोन परंपरेचंही इथे चम्मा लिंग नावाचं एकांतस्थान आहे.

जपानी झेनचं केंद्र डोंगरात थोडं वर आहे. तिथे मुळात विल्यम अर्विन थॉम्पसन यांच्या लिंडिसफार्न या विचारवंतांच्या मंडळाचा परिसर होता. १९८० च्या दशकात तो रिचर्ड बेकर यांच्या संघाकडे आला. बेकर हे अमेरिकेत झेन रुजवणारे जपानी गुरू शुनर्यू सुझुकी यांचे वारस. इथे हिवाळ्यात तीन महिन्यांचा कडक साधनाकाळ असतो. तेव्हा पाहुण्यांनी जाऊ नये.

कॅथलिकांची बाजू म्हणजे कार्मेल परंपरेतलं नादा हर्मिटेज. १९६० मध्ये स्थापन झालेली स्पिरिच्युअल लाइफ इन्स्टिट्यूट ही संस्था ॲरिझोनातून इथे आली, ती १९८० च्या दशकात. स्त्री आणि पुरुष दोघेही एकाच समूहात, प्रत्येकाची कुटी वेगळी, अशी त्यांची रीत.

हिंदू परंपरेतला हैडाखंडी आश्रम आहे, त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे. श्री अरविंदांच्या विचारांवर चालणारं एक अभ्यासकेंद्र आहे. जपानची शुमेई ही संस्थाही आहे. तिचा भर प्रार्थनेइतकाच शेतीवर: खत नाही, कीटकनाशक नाही, बी आपलंच. एवढ्या उंचीवर, इतक्या छोट्या हंगामात भाज्या काढून दाखवणं हे मला तरी कुठल्याही प्रवचनापेक्षा अवघड वाटतं.

आणि कुठल्याच धर्माची नसलेली एक वास्तू म्हणजे झिगुरात. वसाहतीच्या दक्षिणेला मेसोपोटेमियाच्या धर्तीचा हा मनोरा जॉर्डनच्या राणी नूर यांचे वडील नजीब हलाबी यांनी बांधून घेतला. हलाबी एके काळी पॅन ॲम विमान कंपनीचे प्रमुख होते. वर चढून सूर्यास्त बघायला सगळ्या पंथांचे लोक जातात.

मग हे सगळे एकत्र प्रार्थना करतात का?

क्वचित. एखाद्या प्रसंगी, एखाद्याच्या अंत्यविधीला, एखाद्या स्तूपाच्या प्रतिष्ठापनेला येतात. एरवी आपापल्या जागी, आपापल्या वेळापत्रकात. ‘सर्वधर्म समभाव’ असा फलक लावून सामूहिक प्रार्थना होत असतील अशी कल्पना घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते.

खरं तर बरं चालण्याचं कारण हेच आहे. झेनवाल्याला पहाटे चारला घंटा वाजवायची असते, कार्मेलच्या साधूला दिवसभर बोलायचं नसतं, तिबेटी साधक तीन वर्षं कुटीबाहेर पडत नाही. यांतल्या कोणालाच शेजाऱ्याचं मत बदलायला वेळ नाही. एकमेकांना एकच गोष्ट द्यावी लागते, ती म्हणजे शांतता. आणि मध्ये झाडी नि मोकळी जमीन भरपूर असली की ती देणं फार कठीण जात नाही.

जवळीक येते ती भलत्याच जागी. रस्ता वसाहतीच्या मालकसंघाचा, अग्निशमन दल त्यांचंच, पाणी आणि सांडपाण्याचा एक वेगळा विभाग. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं कितीही असोत, नळ एक असला की सगळ्यांची गाठ पडतेच. तसंच हे. बर्फ कोणी काढायचा, वर्गणी किती, वणव्याच्या दिवसांत शेकोटी पेटवायची की नाही, यावर सभा होतात, आवाज चढतात. धर्मावरून भांडण झालेलं फारसं ऐकू येत नाही. बांधकाम परवान्यांवरून, कुत्र्यांवरून, मालकसंघाच्या निवडणुकीवरून मात्र होतं.

या लोकांनी मिळून कधी काही केलं आहे का?

पाण्यासाठी केलं. आणि त्यात सगळं खोरं होतं, नुसती केंद्रं नव्हेत.

सान लुईस खोऱ्याच्या तळाला पाऊस फार थोडा, अलामोसा गावात वर्षाला सात इंचांच्या आसपास. पण जमिनीखाली मोठे जलसाठे आहेत. १९८६ मध्ये अमेरिकन वॉटर डेव्हलपमेंट या कंपनीने जलन्यायालयात अर्ज केला. बाकाच्या जमिनीखालून दर वर्षी दोन लाख एकर-फूट पाणी उपसायचं आणि बाहेरच्या शहरांना विकायचं, असा तो बेत होता. एक एकर-फूट म्हणजे साधारण सव्वाबारा लाख लिटर. शेतकरी हादरले. बटाटा आणि बार्ली पिकवणारे शेतकरी, स्पॅनिश वंशाची जुनी कुटुंबं, पर्यावरणवाले आणि ध्यान करणारे अशी एरवी एका खोलीत न बसणारी माणसं एका बाजूला आली. खोऱ्यातल्या मतदारांनी खटल्याच्या खर्चासाठी स्वतःवर कर लावून घेतला. १९९१ मध्ये कंपनी हरली, आणि १९९४ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला.

यातला अवघड तपशील असा की कंपनीच्या संस्थापकांत मॉरिस स्ट्राँग यांचं नाव होतं. पुढे ते त्यातून बाहेर पडले. तरी ज्यांच्या घराने देवळांसाठी जमीन दिली, त्यांचंच नाव पाणी नेणाऱ्यांच्या यादीत होतं. क्रेस्टोनवरच्या गुळगुळीत लेखांत हे सहसा येत नाही.

१९९० च्या दशकातच दुसऱ्या एका मालकाने असाच प्रयत्न केला, तोही फसला. अखेर २००० साली काँग्रेसने कायदा केला आणि २००४ मध्ये सुमारे ९७,००० एकरांची बाका रँच खरेदी पूर्ण झाली. तिच्यातून ग्रेट सँड ड्यून्स या जवळच्या वाळूच्या टेकड्यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि बाका वन्यजीव अभयारण्य उभं राहिलं. वाळूच्या टेकड्या आणि पाणी यांचा संबंध काय, असं विचारतात. टेकड्यांभोवतीचे ओढे वाहून गेलेली वाळू परत आणतात आणि भूजल खाली गेलं तर ते ओढे आटतात. त्यामुळे वाळू वाचवायची तर पाणी वाचवावं लागतं.

अभयारण्यात तेल आणि वायूसाठी विहिरी खणण्याचा घाट २००० च्या दशकात घातला गेला, तेव्हाही स्थानिक संघटना न्यायालयात गेल्या.

ही दरी आधीपासून पवित्र मानली जाते, इथे कधीच रक्त सांडलं नाही, असं म्हणतात. खरं आहे?

पहिला भाग काही अंशी. दुसरा नाही.

खोऱ्याच्या पूर्व कडेचं ब्लांका शिखर नवाहो या मूळनिवासी लोकांच्या चार पवित्र पर्वतांपैकी पूर्वेचा पर्वत आहे. यूट लोक हजारो नाही तरी शेकडो वर्षं या खोऱ्यात शिकारीला येत होते. हे सगळं आजच्या केंद्रांच्या फार आधीचं, आणि त्या श्रद्धा आजही त्या त्या लोकांच्या आहेत.

‘रक्तहीन खोरं’ ही मात्र पर्यटकांना आवडणारी गोष्ट आहे. अमेरिकी लष्कराने १८५२ मध्ये इथे फोर्ट मॅसॅच्युसेट्स आणि १८५८ मध्ये फोर्ट गार्लंड बांधला, तो काही ध्यानासाठी नव्हे. १८५५ मध्ये याच खोऱ्याच्या उत्तर भागात यूट लोकांवर लष्करी मोहीम झाली आणि माणसं मारली गेली. पुढच्या करारांनी यूट लोकांना हे खोरं सोडावं लागलं. क्रेस्टोनच्या डोक्यावरच्या एका शिखराला ज्या किट कार्सनचं नाव आहे, तो फोर्ट गार्लंडचा अधिकारी होता, आणि नवाहोंना त्यांच्या मुलखातून हुसकावणाऱ्या मोहिमेचं नेतृत्वही त्याचंच. एखाद्या केंद्रात कोणी ही रक्तहीन कथा सांगितली तर वाद घालू नका, पण मानही डोलावू नका.

तिथे उघड्यावर चिता रचून दहन करता येतं, हे खरं का?

खरं, आणि बहुतेक भारतीयांचा पहिला प्रश्न हाच असतो. अमेरिकेत दहन सर्रास होतं, पण गॅसवर चालणाऱ्या बंद भट्टीत. कुटुंबाला फार तर कळ दाबू देतात. कुठल्याही धर्माच्या माणसाला चालणारी कायदेशीर उघडी चिता क्रेस्टोनमध्येच आहे.

सुरुवात शेजारधर्मातून झाली. काही मंडळींनी एक हलवता येणारी जाळी केली होती. ज्याच्या घरी मृत्यू होई त्याच्या अंगणात ती नेत. मग काही शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि ते समजण्यासारखं होतं. त्यातून २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायमची जागा, परवाने आणि क्रेस्टोन एंड ऑफ लाइफ प्रोजेक्ट ही स्वयंसेवकांची संस्था झाली. चिता म्हणजे दोन बुटक्या भिंती आणि वर लोखंडी जाळी. खाली आणि वर लाकूड, त्यात जुनिपर असतं. शरीर साध्या कापडात गुंडाळून तिरडीवरून आणतात. घरचे लोक अग्नी देतात. बहुधा सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. काही तास लागतात, दुसऱ्या दिवशी अस्थी आणि राख कुटुंबाकडे. अग्निशमन दलाला आधी कळवलेलं असतं, आणि वणव्याचा धोका असेल तर थांबावं लागतं.

मात्र बाहेरगावच्यांसाठी ही सोय नाही. फक्त त्या परगण्यातल्या, म्हणजे सग्वाची काउंटीतल्या रहिवाशांसाठी आहे. डेन्व्हरहून किंवा टेक्सासहून पार्थिव नेऊन दहन करू असं मनात असेल तर ते होणार नाही. हा नियम कठोर वाटला तरी मला तो योग्य वाटतो. ती सेवा गावाने गावासाठी उभी केली आहे. देशभरातून गाड्या येऊ लागल्या तर स्वयंसेवक आणि शेजारी दोघेही टिकणार नाहीत.

इथे बौद्ध, ख्रिस्ती, कशावरच विश्वास नसलेले, सगळ्यांच्या चिता पेटल्या आहेत. कोणी मंत्र म्हणतं, कोणी गिटार वाजवतं, कोणी काहीच बोलत नाही. पुरायचं असेल तर लेप आणि सिमेंटच्या पेटीशिवाय नैसर्गिक दफनाचीही जागा आहे.

हैडाखंडी आश्रम आपल्या देवळासारखा आहे का?

थोडासा आणि बराचसा नाही. उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यातल्या हैडाखानचे बाबाजी १९८४ मध्ये गेले. त्यांच्या पाश्चात्य शिष्यांनी हा आश्रम उभारला. मंदिरात देवीची, महालक्ष्मीच्या रूपातली, मूर्ती आहे. सकाळ-संध्याकाळ आरती, पौर्णिमा-अमावास्येला हवन, वर्षातून दोनदा नवरात्र. ‘ॐ नमः शिवाय’ हा जप सतत कानावर पडतो. आरती संस्कृत आणि हिंदीत, म्हणणारे बहुतेक गोरे अमेरिकी. उच्चार ऐकून हसू आलं तर आवरा. त्यांनी ते शब्द पाठ करायला घेतलेले कष्ट आपल्यातल्या अनेकांनी घेतलेले नसतात.

बाबाजींचा भर कर्मयोगावर होता, म्हणून राहायला जाणाऱ्याने भांडी, बाग, लाकडं, झाडलोट यांत हात घालावा अशी अपेक्षा असते. नुसतं दर्शन घेऊन प्रसाद घेऊन निघायचं असेल तर आरतीच्या वेळेला जा. गणपती, सत्यनारायण, मुंज वगैरेंसाठी पुरोहित मिळेल असं समजून जाऊ नका.

दुसऱ्या धर्माच्या केंद्रात गेलेलं चालतं का? धर्म बदलायला सांगतात का?

चालतं, आणि सांगत नाहीत. प्रचार करणाऱ्यांना एवढ्या निर्जन जागी येऊन काही मिळणार नाही. झेनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसवतील, कॅथलिक प्रार्थनेत मागच्या बाकावर बसू देतील. कॅथलिक मिस्सामध्ये प्रसादाची भाकरी घेणं मात्र त्यांच्याच लोकांसाठी असतं. रांगेत उभं राहू नये, हे आपल्याकडचे लोक नकळत चुकतात. तिबेटी केंद्रांत दीक्षा हा वेगळा विषय आहे. काही साधना दीक्षेशिवाय शिकवत नाहीत, आणि दीक्षा घेतली की बांधिलकी येते. उत्सुकतेपोटी घेऊ नका.

पहिल्यांदाच जायचं तर काय निवडावं?

दोन-तीन दिवसांची साधी भेट. गावात उतरा, स्तूप पाहा, एका संध्याकाळी आरतीला जा, झेन केंद्रात पाहुण्यांसाठी खुली बैठक असेल तर विचारून बसा. त्यानंतर ठरवा.

मार्गदर्शित शिबिरात वेळापत्रक, शिक्षक आणि सोबत असते. एकट्याचा एकांत म्हणजे कुटी, शेगडी, पाण्याचे कॅन आणि तुम्ही. दुसरा प्रकार ऐकायला मोहक असतो, पण आधी कधीच दीर्घ मौन केलेलं नसेल तर तो पहिल्या वेळी टाळा. इगतपुरीला दहा दिवस बसलेल्यांना मौनाची सवय असते. तरी तिथे बाहेरचं सगळं कोणीतरी सांभाळतं, इथे कुटीतली चूलही तुम्हालाच पेटवायची असते. नैराश्य, तीव्र चिंता किंवा त्यावरची औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका. दीर्घ ध्यानात काहींचा त्रास वाढतो हे केंद्रांनाही माहीत असतं, आणि जवळ मानसोपचारतज्ज्ञ नाही.

पैसे लागतात का?

लागतात. जागा दान मिळाली असली तरी छप्पर, विमा, गॅस, अन्न फुकट नाही. काही केंद्रं ठरावीक शुल्क घेतात, काही देणगीवर चालतात, शिक्षकाची दक्षिणा बहुधा वेगळी असते. आरती, स्तूप, झिगुरात यांना तिकीट नाही.

फसवे गुरू, विचित्र पंथ यांचं काय?

आहेत. ‘पवित्र’ म्हणून गाजलेल्या कुठल्याही जागी असतात तसे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मॉफॅट गावाजवळच्या एका घरात ‘लव्ह हॅज वन’ या गटाच्या प्रमुख स्त्रीचा, अनुयायांनी सजवून ठेवलेला मृतदेह पोलिसांना सापडला. तिला ते देवमाता मानत. तो गट क्रेस्टोनच्या जुन्या केंद्रांपैकी नव्हता. गावकऱ्यांना बातम्यांत आपलं नाव त्याच्याशी जोडलेलं पाहून राग आला, तो रास्त होता. पण नवख्या माणसाला बाहेरून फरक कळत नाही, हेही खरंच.

जुनी परंपरा आहे म्हणून डोळे मिटून विश्वास टाकावा असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक नावाजलेल्या बौद्ध आणि योग संस्थांत गेल्या चाळीस वर्षांत सत्तेच्या आणि लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्या आहेत. शिक्षकाचं नाव घालून जुन्या बातम्या वाचा. संस्थेचं विश्वस्त मंडळ कोणाचं आहे, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारा. या प्रश्नावर कोणी दुखावलं गेलं तर तिथे राहू नका. औषधं बंद करा, घरच्यांशी बोलू नका, आणखी पैसे आणा, असं सांगितलं तर त्याच दिवशी निघा. गाडीची किल्ली कायम स्वतःजवळ ठेवा.

हवामान आणि उंचीचा त्रास होतो का?

समुद्रकाठच्या शहरातून थेट आलात तर पहिले एक-दोन दिवस डोकं दुखणं, धाप लागणं, झोप न येणं होऊ शकतं. काही कुट्या गावापेक्षाही वर आहेत. शक्य असेल तर वाटेत डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जला एक रात्र काढा, पाणी जास्त प्या, आल्याआल्या डोंगर चढू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हिवाळ्यात खोऱ्यातली थंडी अमेरिकेतल्या सर्वांत कडक थंड्यांपैकी असते. रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकतो. उन्हाळ्यात दिवसा ऊन भाजतं आणि रात्री स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा चमकतात, तेव्हा उघड्या कड्यावर थांबू नये. अस्वलं येतात, म्हणून खाणं आणि कचरा गाडीत किंवा दारात ठेवायचा नाही. आणि अगरबत्ती, निरांजन, धुनी, काहीही पेटवण्याआधी त्या दिवशी अग्निबंदी आहे का ते विचारा. भाविकपणा वणव्याला कळत नाही.

पोहोचायचं कसं?

गाडीने. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर जाऊ नका. डेन्व्हरहून साधारण चार तास लागतात. मॉफॅटजवळ महामार्ग १७ सोडून काउंटी रोड टी ने पूर्वेला बारा-तेरा मैल गेलं की रस्ता गावातच जातो. छोटं विमानतळ आणि रुग्णालय अलामोसाला आहे, सुमारे ५० मैलांवर. वसाहतीतले बरेच रस्ते कच्चे आहेत, आणि गाडीतला नकाशा तिथे हमखास भलत्याच फाट्यावर नेतो. केंद्राकडून रस्त्याची लेखी माहिती मागवून घ्या. इंधन आणि किराणा आधीच भरा.

भारतातून पर्यटक व्हिसावर आलो तर शिबिराला बसता येतं का? सेवा करून राहता येतं का?

काही दिवसांच्या शिबिरासाठी पर्यटक म्हणून येण्यात सहसा अडचण नसते. राहण्या-जेवणाच्या बदल्यात महिनोन्‌महिने नियमित काम करणं हा मात्र वेगळा मामला. पैसे हातात आले नाहीत तरी ते रोजगार मानलं जाऊ शकतं. धर्मकार्यासाठी येणाऱ्यांचा स्वतंत्र व्हिसा आहे, त्यासाठी संस्थेला अर्ज करावा लागतो. ‘इथे सगळे असंच करतात’ या उत्तरावर समाधान मानू नका. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर ते सगळे नसतात.

आईवडिलांना किंवा लहान मुलांना नेता येईल का?

गावात आणि स्तूपापर्यंत नक्की. मौनाच्या केंद्रांत मुलं नेऊ नका, ती मुलांना आणि इतरांनाही शिक्षा आहे. त्यांना सँड ड्यून्सला न्या, तिथे ७०० फुटांहून उंच वाळूच्या टेकड्या आहेत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पायथ्याशी मेडानो ओढा वाहतो. आईवडिलांना उंचीचा त्रास होत नसेल तर आश्रमातली आरती त्यांना आवडते असा अनुभव आहे. जेवण मात्र बिनतिखटाचं असेल, हे आधी सांगून ठेवा.

तिथे कायमचं राहायला गेलेले भारतीय आहेत का? आपणही जाऊ शकतो का?

प्लॉट विकत मिळतात आणि मातीची, गवताच्या गाठींची, जुन्या टायरांची घरं बांधणारे लोक इथे बरेच आहेत. जागा खरेदी करण्याआधी पाण्याची जोडणी, मैलापाण्याची सोय आणि मालकसंघाची वर्षाची वर्गणी यांची चौकशी करा. नोकऱ्या जवळपास नाहीतच. जे टिकतात ते निवृत्तिवेतनावर, दूरवरून संगणकावर काम करून किंवा सुतारकी, गवंडीकाम, शुश्रूषा अशा दोन-तीन कामांची मोळी बांधून टिकतात. ध्यानासाठी आलेले पहिल्या हिवाळ्यानंतर परत गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. म्हणून एक जानेवारी भाड्याच्या घरात काढा आणि मग जमिनीचं बघा.

फोटो काढले तर चालतात का?

स्तूप आणि डोंगर यांचे खुशाल काढा. साधना करणाऱ्या माणसांचे, कुट्यांचे आणि अंत्यविधीचे नाही. मंदिरात आरती चालू असताना विचारून. ड्रोन घरीच ठेवा.